साफ्यातली टोपी

सांगोल्याच्या पिठाच्या गिरणीपुढं, दिवेलागण होऊन गेल्यावर, पेन्शनीतले अण्णाराव नाईक पोरांना ही हकिगत सांगत. पोरं पलटणीत भरती व्हायला निघालेली असली तर हमखास सांगत. ज्याला भूत खोटं वाटतं त्यानं उठून घरी जावं, असं आधीच बजावत. "जोतीराम माज्या शेजारच्या खाटंवर निजायचा. मी बगितलंय त्येच सांगतो," म्हणत आणि हातातली बिडी विझवत.

एकोणीसशे तीसचा उन्हाळा. सोलापुरात लष्करी कायदा लागलेला आणि जोतीरामची आणि अण्णारावांची पलटण गावाबाहेरच्या बराकीत उतरलेली. शिपायाचा दिवस म्हणजे घाण्याचा बैल. पहाटे बिगूल, मग कवायत. मग बंदुकीच्या नळीत चिंधी फिरवायची, पितळी बटणं घासायची, बुटाच्या तळाचे खिळेसुद्धा चकचकीत करायचे. खाटेवर सगळं सामान मांडून ताठ उभं राहायचं, जमादार येऊन एकेक चीज उलटीपालटी करणार. दुपारी डाळ-रोटी, संध्याकाळी शहरातून गस्त. जोतीराम रांगडा गडी, त्याला यातलं काहीच जड गेलं नाही. जड गेली ती एकच गस्त.

हुकूम होता, स्वराज्यवाल्यांची पांढरी टोपी दिसली की उतरवायची. गोरा साहेब मागं घोड्यावर. नव्या पेठेत कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा उभा होता, टोपी घालून. जोतीरामचा सख्खा मामा, हिंदुराव. त्याच दुकानात तो कापड मोजून द्यायला होता. जोतीरामचा बाप मेला तेव्हा दिवस झाल्यावर चारचौघांत त्याच्या उघड्या डोक्याला पागोटं बांधलं ते याच मामानं. बापाच्या मागं पोराचं डोकं मामानं झाकायचं, ही रीत. आणि आता मामाचं डोकं उघडं करायला भाचा पुढं.

जोतीरामचा हात उठेना. मामानं साहेबाकडं बघितलं, मग भाच्याकडं. आणि म्हाताऱ्यानं आपणहून मान खाली वाकवली.

"काढ बाळा," हळूच म्हणाला. "न्हायतर तुलाच शिक्षा व्हईल."

जोतीरामनं काढली. साहेबानं बुटाकडं बोट केलं, तशी तुडवलीही.

त्या दिवसापासून मामानं डोक्यावर काही घेतलं नाही. मयताच्या मागं चालावं तसा भर उन्हात उघड्या डोक्यानं दुकानाला जाई. कुणी विचारलं तर म्हणे, भाचा घालील तवा घालीन. गोजरबाई मामी जिभेची तिखट. तिनं छावणीच्या पाणक्याबरोबर निरोप धाडला, "मामाचं डोस्कं भाजतंय. तुजं झाकल्यालं हाय न्हवं?"

जोतीरामनं त्या रात्री रोटी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पलटणीच्या शिंप्याकडं गेला. ईश्वरप्पा अक्कलकोटकडचा, महा फटकळ. उशीच्या अभ्र्याची पांढरी टोपी शिवून मागितली तेव्हा त्यानं विचारलं, लगीन ठरलंय का फाशी? पण शिवून दिली. आता ती ठेवायची कुठं? पेटी रोज उघडी, खाट रोज उलटी. जमादार हात घालत नसे अशी एकच जागा होती. जोतीरामनं टोपी डोक्याला घातली आणि वरून साफा बांधला.

रविवारी सुट्टी मिळाली. तो नव्या पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेला. पायरी दिसली. मामाचं पिकलेलं उघडं डोकं दिसलं. आणि हा बाप्या तिथूनच मागं फिरला. वाघासमोर उभा राहिला असता, म्हाताऱ्यासमोर जाईना. पुढच्या रविवारी जाऊ, म्हणाला. पुढच्या रविवारी दुकानात कळलं, उन्हाचा ताप भरला म्हणून मामाला मंगळवेढ्याला घरी नेलंय. तेवढ्या लांबची रजा कोण देतो?

वैशाखातली अवस, बुधवारची रात्र. दारूगोळ्याच्या कोठीवर जोतीरामचा पहारा, बारा ते दोन. वारा पडलेला. कुत्रं भुंकत नव्हतं. दोन वाजत आले असतील. कोठीच्या पलीकडून कुणीतरी चालत आलं. पावलांचा आवाज नव्हता.

"हुकुमदार," जोतीरामनं पहाऱ्याची हाळी दिली.

येणारा थांबला नाही.

पुन्हा हाळी. बंदूक खांद्याला. माणूस कंदिलाच्या उजेडात आला. धोतर. बंडी. डोकं उघडं.

"मामा?... तुमी हितं कसं आलासा?"

मामा हातभर अंतरावर येऊन थांबला. मान वाकवली. नव्या पेठेत वाकवली होती, अगदी तशीच.

जोतीरामला समजलं. साफा सोडायचा. टोपी काढायची. त्या डोक्यावर ठेवायची. एवढंच. पण पहाऱ्यावर बंदूक खाली ठेवली, साफा सोडला, तर कोर्ट-मार्शल. आणि बदलीचे शिपाई निघालेच होते. लांबवर त्यांचा कंदील हलत होता...

"मामा, उद्या येतो," तो म्हणाला. "उद्या... नक्की."

मान वाकलेलीच.

मग त्याच्या साफ्यावर काहीतरी टेकलं. गार. तळहात. पागोटं बांधून झाल्यावर नीट बसलंय का ते दाबून बघतात, तसा...

दाबला. सुटला.

कंदील जवळ आला. समोर कुणी नव्हतं.

बराकीत अण्णाराव जागेच होते. जोतीराम खाटेवर बसला. साफा संध्याकाळी बांधला होता तसाच, एक पीळ हललेला नाही. तो सोडू लागला. शेवटचा पीळ सुटला, टोपी मांडीवर पडली... ईश्वरप्पानं शिवलेली ती नव्हती. जुनी होती. कडेला तेल मुरलेलं. मधोमध बुटाचा ठसा.

जोतीरामनं पायातला बूट काढला. ठशावर धरला.

खिळ्याला खिळा बसला.

तिसऱ्या दिवशी मंगळवेढ्याचा निरोप आला. मामा त्याच अवसेला तिन्हीसांजेला गेला होता.

जोतीराम पेन्शनीत आला, परवाच्या हिवाळ्यात मेला. तोवर उन्हात, पावसात, पोरीच्या लग्नातसुद्धा त्यानं डोकं झाकलं नाही. टोपी मात्र दर अवसेला धुवायचा. रिठ्यानं, सोड्यानं, दगडावर आपटून. मरताना अण्णारावांच्या हातात दिली.

इथं अण्णाराव थांबत. कोपरीच्या खिशात हात घालत. गिरणीच्या कंदिलाखाली ती टोपी ठेवत.

धुऊन धुऊन दुधासारखी पांढरी झालेली. मधोमध खिळे तेवढे काळे.