लेकीचा डावा अंगठा

तुमचा यावर विश्वास बसणार नाही. बसूही नये. मी सांगतो त्यातलं निम्मं मलाच पटत नाही. पण नोंदणी कार्यालयात एक कारकून होता खरा. त्याला सगळे भिंग म्हणत. पलीकडच्या फुटपाथवरची मुंगी कुठल्या पायानं लंगडते, हे तो खुर्चीतून सांगे.

एका सकाळी फरशीच्या कारखान्यातली एक मुलगी धापा टाकत त्याच्या टेबलापाशी आली.

"साहेब, माझ्या खोलीत दोन माणसं टेप लावून मापं घेताहेत. म्हणतात, घर विकत घेतलंय, परवा ताबा घेणार!"

घर तिच्या आईच्या नावावर. आई मृत्युपत्र न करता वारली. निम्मं नवऱ्याचं, निम्मं लेकीचं. पुढे बापानं दुसरं लग्न केलं, म्हणून लेकीचं निम्मं कुठे जात नाही. भिंगाला हे झोपेतही पाठ.

त्यानं फाइल काढली. आत सहा महिन्यांपूर्वीचं हक्कसोडपत्र. 'माझा हिस्सा राजीखुशीनं वडिलांना सोडत आहे.' खाली सही नाही, अंगठा. शेजारी टीप : उजवा हात भाजल्यामुळे डावा अंगठा. ठशाच्या रेषा कांद्याच्या चकतीसारख्या स्पष्ट, मधून एक तिरपी चीर. साक्षीदार दोन. एक परगावी, एक परलोकी.

"मी हे पाहिलंसुद्धा नाही, साहेब. परवापासून मी झोपायचं कुठे?"

भिंग शाईची डबी खिशात टाकून थेट तिच्या घरी गेला. आधी सावत्र आई.

"हिचा हात भाजला होता?"

"भाजला असता तर भांडी कोणी घासली असती? मी?"

"तुम्हाला ही घरात नको होती?"

"नकोच होती. लपवू कशाला? दोन वर्षांमागे फोनचं कार्ड घ्यायला हिला नेलं, तर यंत्र अंगठाच घेईना. तीन दुकानं हिंडले. दहाही बोटं मीच दाबून पाहिली, यंत्र ढिम्म! म्हटलं, बघ, यंत्रालाही तू नकोशी."

मग बाप.

"लेक कारखान्यात काय करते?"

"करत असेल काहीतरी. पगार येतो ना घरी."

"किती वर्षं?"

"चार. नाही, सहा. मला काय विचारता?" त्यानं बायकोकडे हात केला. "सावत्र ती आहे. कागद तिनंच केला असेल. मी भोळा माणूस, पुढे सरकवला."

"अहो!" बायको एवढंच म्हणाली.

भिंगानं डबी उघडली. मुलीचा डावा अंगठा कागदावर दाबला. उमटला नुसता निळा डाग, वाटाण्यासारखा गुळगुळीत.

"सहा वर्षं दगड घासून हिच्या बोटांवर रेघ उरलेली नाही," भिंग म्हणाला. "बाईंना कागद करायचा असता, तर त्यांनी दुसरी काहीतरी युक्ती काढली असती. हिचा अंगठा उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. छळायला का होईना, त्यांनी हिची बोटं हातात घेतली होती. घरात ज्याला माहीत नव्हतं, असा एकच माणूस. आणा तुमचा डावा अंगठा."

बापानं हात पाठीमागे नेला. बायकोनंच मनगट धरून पुढे ओढला. ठसा उमटला. कांद्याची चकती आणि मधून तिरपी चीर.

"हक्कसोड रद्द होणार, विक्रीही अडणार," भिंग म्हणाला. "आणि तुम्ही चला पोलिसांकडे."

"खायला घातलं तुला," बाप लेकीवर खेकसला, "त्याचं हे फळ?"

मग काय, मंडळी! दुसऱ्याच क्षणी त्याला उपरती झाली. ढसाढसा रडला, लेकीच्या पायाशी घराची किल्ली ठेवली, म्हणाला, "पोरी, चुकलो." त्याच्या रडण्यानं रस्त्यावरचे दिवे विझले, मी स्वतः...

"थापा मारू नका, आजोबा!" मागच्या बाकावरून एक बाई उठली. "माझा बाप रडला कधी? किल्ली त्यानं गटारात फेकली. मी कोपरापर्यंत हात घालून काढली."