लाल धाग्याचा मासा

“अबे, शेपटीकडून नको धरू! निसटते!”

“मंग तूच धर ना!” अंकुश कुरकुरला. त्याच्या मित्राने, गोलूने, दोन्ही हातांनी रोहू मासा दाबून धरला आणि स्वातीने त्याच्या शेपटीशी कोसा रेशमाचा लाल धागा बांधला. धागा तिच्या घरच्या मागावरचा. अंकुशची ही आतेबहीण पवनीहून सुट्टीला आली होती आणि आल्यापासून तिने एकच धोशा लावला होता.

“या टाकीतले मासे रोज बदलतात! तुटक्या शेपटीचा कुठी गेला, सांग!”

“काहीतरीच!” अंकुश उसळला. गावभराच्या गटाराचं पाणी या शुद्धीकरण केंद्रात यायचं, साफ होऊन माशांच्या या शेवटच्या टाकीत पडायचं आणि तिथून नाल्यात जायचं. केंद्र अंकुशचे बाबा, डोमाजी चालवत. “मासे जगतात म्हणजे पानी साफ! गोलूले विचार. मी सांगतलं तवापासून तो रोज नाल्यात पोहते!”

“पोहतो ना!” गोलूने छाती फुगवली आणि कराकरा पोट खाजवलं. टाकीत सोडलेला मासा सुळकन तळाशी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलू अजून घोरत होता, तेव्हा अंकुश आणि स्वाती केंद्रावर पोचले. टाकीत मासे मजेत फिरत होते. धागा मात्र एकालाही नव्हता! मोटरच्या खोलीमागे कावळ्यांनी कल्ला मांडला होता. तिथे घमेल्यात मेलेले मासे पडले होते आणि एकाच्या शेपटीला लाल धागा होता.

अंकुशची कानशिलं तापली. मागे वळून पाहतो तर रिकामी बादली घेऊन बाबा उभे!

“हवेची मोटर चालूच ठेवून कोंढ्याले लग्नाले गेलो. मागून जळली,” ते खाली बघत म्हणाले. “पान्याले हवा भेटत नाही, मंग ते साफ होत नाही. मासे मरतात, मी गोसीखुर्द धरणातले नवे आणून टाकतो. आज मॅडम पाहाले येऊन राहिल्या. आजच्या दिवस चूप राहा बेटा. नोकरी जाईन माही.”

अंकुश चूप राहिला. आपण चूप आहोत याचीही त्याला लाज वाटत होती.

नगरपंचायतीच्या मॅडम आल्या, टाकीत वाकल्या. “वा डोमाजी! काय तरतरीत मासे आहेत!”

जमलेल्या गावकऱ्यांच्या टाळ्या पडल्या. गर्दीत उभ्या गोलूला कुठला धीर! शर्ट काढून तो कठड्यावर चढला. त्याचं पोट लाल पुरळांनी भरलं होतं.

“माशांचं काय घेऊन बसल्या मॅडम! मी बुडी मारून दाखवतो! चूळ पन भरतो!”

अंकुशने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली.

“गोलू, थांब!” अंकुशने झेप घेऊन त्याचा पाय ओढला. दोघं धप्पकन खाली! “पानी घाण हाये! मासे रोज नवे टाकतात!”

स्वातीने घमेलं आणून मॅडमपुढे ठेवलं.

“पोरगा खरं बोलून राहिला,” बाबा पुढे येत म्हणाले. “चूक माही. याले चूप बी मीच बसवलं.”

मॅडमनी नाल्याकडे जाणारं पाणी तिथल्या तिथे बंद करायला लावलं. बाबांना सगळ्यांसमोर झापलं. मग अंकुशच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “शाबास! अशी पोरं गावाला हवीत!”

अंकुशची मान वर होईना. बाबांनी गोलूला सायकलवर बसवलं, दवाखान्यात न्यायला.

“काहून रडून राहिला बे? शाबासकी भेटली ना तुले!” गोलू म्हणाला.

“नाल्यात तुले मीच पाठवलं,” अंकुश कसाबसा म्हणाला. “अन् आज सकाळी समजलं, तरी तुले सांगतलं नाही.”

गोलूने कराकरा पोट खाजवलं.

“मंग मलम तूच लावशील. रोज! पाठीले बी!”

“लावतो,” अंकुश म्हणाला, आणि मागून सायकल ढकलू लागला.