गाळलेले आवाज

ही घटना माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. कुणाला पटो वा न पटो, तिने सांगितली तशीच लिहितो आहे.

त्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मावशीने अंधांसाठीच्या ध्वनिग्रंथालयाचे दार उघडले. संगणक सुरू केला, पाण्याची बाटली डावीकडे ठेवली. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, वाचून ध्वनिमुद्रित केलेली शेवटची कादंबरी संकेतस्थळावर चढवायची राहिली होती. काकांना जाऊन आठ महिने झाले होते.

ध्वनिमुद्रणाची मूळ वेव्ह फाइल अवजड. श्रोत्यांच्या फोनवर अडखळत वाजली असती. म्हणून मावशीने तिची हलकी एमपीथ्री केली. त्यात कानाला सहसा न जाणवणारे आवाज गाळले जातात. ती चढवली, मग जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसली. दुसऱ्या डिस्कवर प्रत असणारच, या भरवशावर.

नव्हती.

आपल्याच हाताने तिने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

दुपारी मास्तरांचा फोन आला. ग्रंथालयाचे सर्वांत जुने श्रोते.

"बाई, यजमानांचा श्वास कुठे ठेवलात?"

"म्हणजे?"

"बाकीच्या पुस्तकांत ते दम घेतात, पान उलटतात. इथे नुसते शब्द. भिंत वाचतेय जणू! आमचे कान तिखट असतात हो."

मावशी कसनुशी हसली. फोन ठेवला.

आणि मागे... कोणीतरी पान उलटले.

खोलीत पुस्तक नव्हते.

मग... श्वास. घशातली ती ओळखीची खरखर. काका बसून वाचायचे त्या रिकाम्या खुर्चीतून.

गाळलेले सारे तिथे होते. शब्द तेवढे नव्हते.

मावशीने चढवलेली फाइल आणखी हलकी केली. खुर्ची करकरली. आणखी हलकी केली... चष्म्याची काडी मिटल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मास्तर पुन्हा फोनवर. "बाई, शब्दही पुसट झालेत. त्यांचं हे शेवटचं. सांभाळा."

"सांभाळते, मास्तर."

ती खुर्चीकडे वळली. "बोला ना हो."

नुसता श्वास. शब्द अजून फाइलमध्येच होते.

मावशीने खिडकी लावून घेतली. फाइल निवडली आणि पुसून टाकली.

श्वास थांबला... वाचन सुरू करण्याआधी काका रोखून धरायचे, तसा.

मावशी अजूनही रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी दार उघडून त्या खुर्चीसमोर बसते.

तो श्वास अजून सुटलेला नाही.