कर नाही त्याला डर

दुकानाच्या काचेवर तिनेच चिकटवलेला बॅनर होता, आणि त्याच्यासमोर उभा राहून एक माणूस चक्क हसत होता.

‘कर नाही त्याला डर कशाला!’ अशी लाल अक्षरं होती बॅनरवर. शहरातल्या प्रत्येक दुकानाला नवा कर बसणार होता आणि त्यातून आजारी म्हाताऱ्यांना घरी जाऊन मोफत उपचार मिळणार होते. व्यापारी संघाने त्याविरुद्ध दंड थोपटले होते. संघाचे अध्यक्ष म्हणजे तिचे वडील, अण्णा. छपाईचं दुकान घरचंच, त्यामुळे घोषणा लिहायचं काम ओघानेच तिच्याकडे आलं होतं आणि तिला ते मनापासून आवडतही होतं. बाजारात तिला सगळे बॅनरवालीच म्हणत.

तिने दार ढकललं. “हसायला काय झालं?”

“नाही, म्हणजे... ज्याने काही केलं नाही त्याला भीती नाही, अशी ती म्हण आहे ना? मग कर भरणारे आम्ही सगळे चोर?”

“तुम्ही भाषेचे मास्तर का?”

“फिजिओ. आरोग्य केंद्रात असतो. अडकलेले खांदे सोडवतो.” तो जरा घुटमळला. “मला एक बॅनर छापायचाय. कराच्या बाजूने.”

“इथे?”

“एवढं मोठं मशीन दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि... तुमची अक्षरं छान असतात.”

त्याचा मजकूर होता, ‘कर आहे, म्हणून म्हातारपणाला डर नाही.’ तो चांगला होता, आणि नेमका त्याचाच तिला राग आला. पण गिऱ्हाईकाला परत पाठवायचं नाही हा अण्णांचाच नियम. तिने नमुना काढून समोर धरला.

“हा ‘ण’ जरा लंगडतोय,” तो म्हणाला.

“मग बघा ना. फिजिओ कोण, तुम्ही की मी?”

तो पुन्हा हसला. शाईच्या त्या उग्र वासातही तिला एकदम मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि तिने घाईघाईने मशीनकडे तोंड फिरवलं.

मग तो येतच राहिला. कधी रंग बदलायला, कधी माप बदलायला, कधी नुसताच. स्टुलावर बसून तो तिच्याशी वाद घालायचा, तीही त्याला सोडायची नाही. “फुकट मिळालं की माणसं आळशी होतात,” ती म्हणायची. “लकवा झालेला माणूस आणखी किती आळशी होणार?” तो विचारायचा. तो आला नाही तर ती दाराकडे बघत राही, आणि आपण बघतोय हे लक्षात आलं की स्वतःवरच चिडे.

एकदा अण्णाच त्याच्यावर घसरले. “अहो, दर शटरमागे सारखाच कर! चौकातल्या त्या काचेच्या मॉलला आणि आमच्यासमोरच्या बटणवाल्या काकूंना एकच माप. मॉलला हे मुंगी चावल्यासारखं, आणि आम्ही मात्र मरतोय. याला न्याय म्हणता तुम्ही?”

त्या दिवशी तो चहा अर्धा ठेवूनच उठला.

बॅनर तयार झाल्यावर ती स्वतःच तो केंद्रात द्यायला गेली. खरं तर रिक्षाने पाठवता आला असता. आतल्या लांबट खोलीत कठडा धरून बटणवाल्या काकू उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात लुळा पडल्यापासून समोरचं दुकान बंदच होतं. मुलाने काही आठवडे खासगी उपचार केले, मग त्याने हात टेकले. आता केंद्रात प्रयोग म्हणून चालणाऱ्या मोफत उपचारांवर त्यांचं चाललं होतं. फिजिओने त्यांची कोपर सांभाळून धरली होती.

“ये गं,” काकू म्हणाल्या. तोंड अजून एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे शब्द ओले यायचे. “चौकात तुझा तो दुसरा बॅनर पाहिला. ‘फुकट्यांसाठी आमचा खिसा नाही.’ ते फुकटे म्हणजे... मीच का गं?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं, आणि म्हणूनच तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या दिवसापासून तिचं मत फिरलं. फिरलं ते फिरलं, पण सुख नाही. कराच्या जनसुनावणीत संघाच्या वतीने तीच बोलणार होती, कारण माईकसमोर अण्णांना शब्द सुचत नसत. मनातलं बोलायचं तर अण्णांचा विश्वासघात, संघाचं बोलायचं तर काकूंचा. आणि त्याहून वाईट शंका तिला आतून कुरतडत होती. काकूंनी विचारलं तेव्हा मत फिरलं ते नक्की कशाने? त्या प्रश्नाने, की कोपर धरलेल्या त्या हाताने? उद्या सगळा बाजार म्हणणार, पोरगी प्रेमात पडली आणि मत बदलून बसली. आणि... तसंच असलं तर? ज्या मतावर अण्णांना दुखवायचं, ते आपलं तरी आहे का? याचा छडा लागेपर्यंत त्याला काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. तो दुकानात आला की ती मशीन उगीच चालू करून ठेवायची.

“तुम्ही माझ्यावर रागावलात का?” त्या घरघरीवर आवाज चढवून त्याने एकदा विचारलं.

“छे! कशाला?” तीही ओरडलीच.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. दोन माईक होते. एकापाशी केंद्राच्या वतीने तो, दुसऱ्यापाशी संघाच्या वतीने ती. पहिल्या रांगेत अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. तिचे तळवे घामाने भिजले होते.

तो आधी बोलला. “मला कराच्या बाजूने पाठवलंय. पण... दर शटरमागे सारखाच कर ही लूट आहे. उपचार हवेत, ते बटणं विकणारीला बुडवून नकोत. असा कर असेल तर माझा विरोध आहे.”

“अरे, तू काय बोलतोयस!” ती ओरडली. “मी आत्ता तुझ्या बाजूने बोलायला उभी राहिलेय, वेड्या!”

माईक चालू होता. अख्खं सभागृह हसत सुटलं. आजवर तिने त्याला चारचौघांत काय, एकांतातही ‘अहो’ म्हटलं होतं. तो ‘तू’ कधीचा आत येऊन बसला होता ते तिलाच ठाऊक नव्हतं. त्याचे कान लाल झाले. अण्णा मात्र हसत नव्हते.

“तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा,” अधिकारी म्हणाले.

“ठरलंय माझं,” ती म्हणाली. “‘फुकटे’ हा शब्द माझा होता. तो मी मागे घेते. हा कर आम्ही भरला पाहिजे. मॉलने जास्त भरावा, जरूर भरावा, पण ते ठरेपर्यंत काकूंनी थांबायचं का? आज आहे तसा आला तरी चालेल. मी भरीन.”

“नाही चालणार!” पलीकडच्या माईकवरून तो म्हणाला.

“चालेल!”

निर्णय पुढे ढकलला गेला. व्हरांड्यात तो तिच्यामागे धावतच आला. “मी तुला आधी सांगायला हवं होतं...”

“थांब.” तिला एकदम हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. “तू विरुद्ध बोललास. तरी मी माझंच बोलले. कळतंय का तुला? मत माझंच आहे. मला किती भीती वाटत होती... आणि तू विरुद्ध बोललास तरी तू मला... तितकाच...”

“तितकाच काय?”

“आवडतोस. चुकीचा आहेस, पण आवडतोस.”

त्याने तिचा ओला तळवा हातात घेतला. “मलाही तू. कराचं सोडून.”

पायऱ्यांवरून अण्णा येत होते. तिने हात सोडवला नाही. अण्णा समोर आले. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“रविवारी घरी या,” ते त्याला म्हणाले. “शटरचा मुद्दा चांगला मांडलात.”

“अण्णा...” ती म्हणाली.

“तू बोलू नकोस माझ्याशी,” अण्णा तोंड फिरवून म्हणाले. “जावई माझ्या बाजूचा मिळाला, हेच नशीब समजतो.”