खिशावरचे टाके

त्या संध्याकाळी मी खाली दुकानात गेलो, तो चिंधीचं अंथरूण घालायला. दुसरं काही काम नव्हतं. जुनं पोतं, त्यावर कापडाचे तुकडे, शेजारी पाण्याचं भांडं.

चिंधी म्हणजे आमची कुत्री. धाकट्याला कापडाच्या कचऱ्यात सापडली, म्हणून चिंधी. धाकटा म्हणजे माझा भाऊ, टेलर. खाली त्याचं दुकान, वर आमचं घर. लग्न केलं नाही त्यानं. मशीन आणि कुत्री, एवढाच संसार. तो जाऊन पाच दिवस झाले होते, आणि पाच रात्री चिंधीनं डोळा मिटला नव्हता.

दिवसा गप्प असायची. दिवा मालवला की सुरू. आधी बारीक कुईकुई, मग असा लांब सूर काढायची की वरचं तान्हं दचकून उठायचं. ते उठलं की सगळं घर उठायचं. शेजारचे भिंतीवर थापा मारायचे ते वेगळंच.

सूनबाई वाईट नाही हो. पोरगा माझा रात्रपाळीला, ती एकटी बाळाला घेऊन येरझारा घालायची. त्या संध्याकाळी जिन्यात उभी राहून म्हणाली, "बाबा, मला काय ती जड झालीय का? पण आजची रात्र बघू. नाही झोपली तर उद्या सकाळी दूधवाला येतोय. त्याच्या गोठ्यावर कुत्रं हवंय."

गोठ्यावर कुत्रं कसं असतं, मला माहीत आहे. खांब, साखळी आणि पावसात भिजायला अंगण मोकळं. आमच्या चिंधीला जन्मात साखळी माहीत नाही.

जनावरांच्या डॉक्टरचं सगळं करून झालं होतं. तो म्हणाला, लवकर खायला घाला, झोपायच्या आधी दमवा, ओळखीच्या वासाचं कापड द्या. तिला दमवायला गेलो आणि मीच दमलो. धाकट्याची बंडी दिली, तर ती तोंडात धरून दाराशी जाऊन बसली, वाट बघत.

आता एक आमच्या दोघांचं सांगतो. मी लिफ्टवाला. शाळा दुसरीत सुटली, वाचायला शिकलो ते मजल्यांचे आकडे. चाळीस वर्षं लोकांना वर-खाली केलं आणि मी होतो तिथंच राहिलो. मग माणसानं करमणूक कशी करायची? मी धाकट्याची बटणं ढापायचो. त्यानं सहा मोजून ठेवली की एक गायब. मग तो मशीनखाली वाकणार, कुत्रीच्या तोंडात बोट घालून बघणार, मला शिव्या देणार. त्याचा सूडही ठरलेला. माझ्या शर्टाचा खिसा तो शिवून टाकायचा. इतके बारीक टाके की दिसायचे नाहीत. कामावर जाऊन चष्मा खिशात घालायला गेलो की बोटं आपटायची. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी एक तिरका टाका. म्हणायचा, "ही माझी सही."

शेवटी त्याच्या हातात एक कोट होता, तपकिरी बटणांचा. त्यातलं एक मी ढापलं. चिंधीनं ते माझ्या हातातून पळवून चावलं, कडेचा टवका उडाला. परत द्यायच्या आधीच धाकटा गेला. दुपारी मशीनवर मान टाकली, ती टाकलीच. त्याला नेताना कोणाचं लक्ष नाही बघून ते बटण मी त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवलं. मनात म्हटलं, घे बाबा, फिटलं. हे मी कोणाला बोललो नाही. बटण त्याच्याबरोबर गेलं.

तर ती रात्र.

दिवा मालवला, चिंधीनं सूर लावला. मी तिला थोपटत बसलो आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. ती झोपायची कुठे? मशीनखाली, पायडलच्या शेजारी. धाकटा रात्री उशिरापर्यंत शिवायचा आणि ही त्या आवाजावर झोपायची. तिला अंगाई हवी होती, आणि मी बंडी देत होतो.

पोतं मशीनखाली सरकवलं. सुईची मला भीती, म्हणून सुई काढून डबीत ठेवली. रीळ काढून ठेवलं. शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि बसलो पायडल मारायला. चाक उलटं फिरलं. नवशिक्याचं फिरतंच. आधी हातानं चाक आपल्याकडे फिरवायचं, मग पाय. धाकटा चाकाला एक चापट मारायचा. तशी मारली. लागली मशीन चालायला. धडधडधडधड…

चिंधीनं मान खाली ठेवली.

मी सुखावलो. पण पाय थांबला की ती डोळे उघडायची. थांबायचं नाही, असा हुकूमच. बहात्तर वर्षांचे माझे पाय. तास झाला, दोन झाले. गल्लीतला शेवटचा दिवा गेला. मशीनच्या तेलाचा आणि खडूचा वास नाकात बसला. पोटऱ्यांत गोळे आले आणि तेवढ्यात फटकन आवाज आला. पायडलवरून चाक फिरवणारा पट्टा तुटला. जुनं चामडं, दोन तुकडे होऊन खाली पडलं.

गप्प झालं सगळं. चिंधी उठून बसली. मान वर केली, तोंड उघडलं. मी तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. म्हटलं, ए बाई, एवढी रात्र काढ, सकाळी साखळी आहे. तिचं अंग थरथरत होतं. वर बाळानं कूस बदलली, पाळणा करकरला.

मला दुसरं काही सुचलं नाही. थट्टेची खोड, दुसरं काय. तिथंच पोत्यावर आडवा झालो, डोळे मिटले आणि अंधारात हळूच म्हटलं, "अरे, कुत्री तुझी आहे. तूच ये आता झोपवायला."

थोडा वेळ काहीच नाही.

मग चाकावर एक चापट पडली. हलकीच…

धडधडधडधड…

मी डोळे उघडले नाहीत. तुम्ही उघडले असते का? तेलाचा वास दाट झाला. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर पायडल वर-खाली होत होतं, त्याचा वारा गालाला लागत होता. मधेच थांबायचं. मग 'कट्'… दातानं दोरा तोडल्यासारखं. परत चापट. माझ्या हातांतलं चिंधीचं तोंड सैल झालं. शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि ती घोरायला लागली. काय सांगू, भीती होती, पण तिच्या पोटाची ऊब लागत होती. भीती आणि ऊब दोन्ही अंगावर घेऊन मीही झोपलो. इतकं गाढ मी वर्षानुवर्षं झोपलो नव्हतो.

सकाळी सूनबाई खाली आली, केस विंचरलेले, चेहरा ताजा. मशीनखाली चिंधी चारी पाय वर करून पसरलेली. सूनबाई म्हणाली, बाळ एका दमात उजाडेपर्यंत झोपलं, दूधवाल्याला तिनं दारातूनच परत पाठवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, पहाटेपर्यंत मशीन चालवलीत. पाय राहिले का जागेवर?"

मी तुटलेला पट्टा दाखवला. ती हसली. म्हणाली, "तुमचं नेहमीचंच." जन्मभर थट्टा केली की असं होतं. खरं बोलायची सोयच राहत नाही.

ती वर गेली. मी डबी उघडली. सुई डबीत होती. खिळ्यावरचा शर्ट घातला, चष्मा खिशात टाकायला गेलो आणि बोटं आपटली.

खिसा शिवलेला. बारीक टाके, शेवटी एक तिरका. आत काहीतरी गोल, बटणाएवढं. कापडावरून अंगठा फिरवला. एका कडेला टवका उडालेला होता.

चिंधी आमच्याकडेच आहे. रात्री मी तोच शर्ट घालून तिच्याजवळ बसतो. ती खिशाला नाक लावते, माझ्या खांद्यामागे बघून शेपटी हलवते आणि झोपते. पट्टा मी नवा घातलेला नाही. मशीनवर आता चादर टाकली आहे.

खिसा मी उसवलेला नाही. परवा एकदा मनात आलं होतं की उसवून बघावं. नुसतं मनात आलं, तोंडातून शब्द काढला नाही. सकाळी बघतो तर टाक्यांवर टाक्यांची दुसरी ओळ होती, आणि दोरा अजून तेलानं ओला होता.