चाळीस नावं, एक्केचाळीस मेसेज

"मॅडम, लगेच या! यादीत चाळीस नावं आहेत आणि माझ्या प्रोग्रॅमनं मेसेज पाठवलेत एक्केचाळीस!"

वसतिगृहाची वेबसाइट सांभाळणारा मल्हार फोनवर घाईघाईनं सांगत होता. शिवरंजनी तुळजापुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची विश्वस्त. त्याआधी दहा वर्षं तिनं प्रोग्रॅमिंगमध्ये घालवलेली. ती पोहोचली तेव्हा तीन वाजले होते आणि पाचला प्रवेश बंद होणार होते.

ऑफिसात तेर गावची दैवशाला पत्र्याची पेटी पायाशी घेऊन उभी होती. तिच्या मोबाइलवर निवडीचा मेसेज होता. वेबसाइटवरच्या यादीत मात्र तिचं नाव औषधालाही नव्हतं.

"मेसेज बनावट हाय," कारकून वैजनाथ म्हणाले. "न्हायतर ह्या मल्हारनं नाव घुसडलंय. वळखीची असंल."

"म्या ह्यांना आजच बघितलं," दैवशाला म्हणाली. "खोली न्हाय मिळाली तर नर्सिंग सुटलं माझं. तेरहून दोन गाड्या बदलून सकाळी सातला कशी पोचू?"

"समितीच्या सहीची मूळ यादी?" शिवरंजनीनं विचारलं.

"कपाटात. किल्ली अध्यक्षांकडं, अन् ते सोलापुरात. उद्या येतेल."

सगळं फारच सोयीचं जुळून आलं होतं. शिवरंजनीला ते खटकलं.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. "मावशीनं डबा दिलाय तुमचा," असं म्हणत तिनं वैजनाथांच्या टेबलावर डबा ठेवला. "माझी खोली वरची का खालची?"

"मागनं सांगतो. जा तू."

"नाव काय गं तुझं?" शिवरंजनीनं विचारलं.

"श्रीदेवी."

यादीतलं चाळिसावं नाव. शिवरंजनीनं टेबलावरची नोंदवही सहज चाळली. काही नावांभोवती पेन्सिलीनं कंस केलेले होते.

"हे काय?"

"रद्द झालेली नावं," वैजनाथ अभिमानानं म्हणाले. "तीस वर्षांत म्या एक नाव खोडलं न्हाय. कंस करायचा. वरनं विचारणा झाली की कंस पुसायचा, नाव जागच्या जागी."

ती मल्हारकडे वळली. "तू नावं कशी उचलतोस?"

"रेजेक्सनं, म्हणजे ठरावीक नमुना शोधून. पानाचा एचटीएमएल कोड घ्यायचा आणि रकान्याची सुरुवातीची खूण, शेवटची खूण, यांच्या मधलं जे असेल ते उचलायचं." तो ओशाळला. "एचटीएमएल असं वाचू नये म्हणतात. घाई होती, मॅडम."

"पानावर नावं कोण भरतं?"

"वैजनाथकाका. मीच शिकवलं त्यांना. पासवर्ड आम्हा दोघांकडंच आहे."

शिवरंजनीनं पानाचा मूळ कोड उघडला आणि संथपणे खाली जात राहिली. मग थांबली.

"दैवशाला, बस तू. पेटी आत घे."

वैजनाथांनी डब्यावरचा हात काढून घेतला.

"नाव कुणी घुसडलेलं नाही," ती म्हणाली. "ते झाकलंय. दैवशालाची ओळ इथंच आहे, पण तिच्या मागंपुढं टिप्पणीच्या खुणा घातल्यात. त्या खुणांच्या आतलं ब्राउझर दाखवत नाही. माणसाला चाळीसच नावं दिसतात. मल्हारच्या रेजेक्सला मात्र टिप्पणी वगैरे काही कळत नाही. त्यानं मधला मजकूर उचलला आणि अर्जातल्या नंबरावर मेसेज धाडला."

"मग मल्हारनंच झाकलं असंल!"

"आपला प्रोग्रॅम झाकलेलंही वाचतो, हे त्याला ठाऊक आहे; तो त्यानंच बनवलाय. त्यानं झाकलं असतं तर मेसेज जाऊच दिला नसता. शिवाय मला फोन केला तो त्यानंच. हे झाकणाऱ्याला पडद्यावर जे दिसत नाही ते संपलं असं वाटलं. आणि त्याला ओळ पुसायचा धीर झाला नाही. विचारणा झालीच तर नाव जागच्या जागी यायला हवं होतं ना? तीस वर्षांची सवय, वैजनाथकाका. पेन्सिलीचा कंस तुम्ही इथंही केलात."

वैजनाथांनी नोंदवही मिटून जवळ ओढली.

"श्रीदेवीच्या हाती तुमचा डबा धाडणारी मावशी म्हणजे तुमची बायको. अध्यक्षांना सोलापुरात फोन लावू?"

"नगा लावू," ते पुटपुटले. "बायकोच्या भनीची पोर हाय. प्रतीक्षायादीत सहावी होती. घरात रोजचं टुमणं लागलं होतं, मॅडम."

शिवरंजनीनं त्या दोन खुणा काढल्या, श्रीदेवीची ओळ खोडली आणि पान पुन्हा उघडलं. दैवशालानं स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग प्रवेशाच्या रजिस्टरात सही केली. घड्याळात साडेचार झाले होते.

मल्हार अजून अवघडून उभा होता. "मॅडम, माझी चूकच होती. नीट लिहिलं असतं तर प्रोग्रॅमनं टिप्पणी वगळली असती."

"हो. आणि ही पोरगी तेरलाच बसून राहिली असती. तिला कधी कळलंही नसतं."

"मग आता दुरुस्त करू का?"

शिवरंजनीनं वैजनाथांकडे एकदा पाहिलं.

"एवढ्यात नको," ती म्हणाली. "आधी मागच्या वर्षीच्या यादीवर चालवून बघ."

वैजनाथांच्या कपाळावर घाम आला.