थांबण्याची सहा रूपं

मी स्टुडिओत फक्त कागद द्यायला गेले होते. ऐकून फ्रेंच शिकायच्या एका अभ्यासक्रमाचे धडे मी लिहिले होते, आणि ते वाचणाऱ्या बाईंचा घसा नेमका त्याच दिवशी बसला. संपादकबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तूच वाच. लिहिलंस तू, शिकवतेस तू, मग लाजायचं कशाला?" मी नाही म्हणेपर्यंत मला एका बिनखिडकीच्या खोलीत बसवून माझ्या कानांवर हेडफोन चढवलेसुद्धा होते.

काचेपलीकडे तो बसला होता. ध्वनिमुद्रण करणारा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, समोर बटणांच्या रांगा, आणि चेहरा असा की या माणसाला कधी हसू फुटलंच नसेल. मी पहिलं वाक्य वाचलं, आणि अगदी कानाशी आवाज आला —

"बाई, थांबा जरा. मध्ये काहीतरी ओरडतंय."

"काय?"

"तुमच्या पोटातले कावळे."

सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे खरं. पण ते एका परक्या माणसाने मला माझ्याच कानात सांगावं? मी रागाने वर पाहिलं, तर तो काचेमागून उठून आत येत होता. हातात बशी, बशीत चिरलेलं सफरचंद.

"हे खा. कावळे गप्प बसतील आणि जीभही कोरडी पडणार नाही. आणि ते कानातले काढून ठेवा. मान हलवली की वाजतात."

"अजून काही? श्वास घेतला तर चालेल ना?"

"घ्या की. हळू घ्या."

आणि तो हसला. हसू फुटत होतं तर!

घरी जाऊन मी आत्याला हे सगळं तावातावाने सांगितलं. आत्या निवृत्त परिचारिका. आई-बाबांच्या मागे तिनेच मला वाढवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सफरचंद गोड होतं का?" त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव कानसेन पडलं.

मग मी रोज जाऊ लागले. बाहेर पाऊस लागलेला असायचा आणि आत त्याचा थेंबही ऐकू यायचा नाही. एकदा मात्र कोपऱ्यात ठेवलेल्या माझ्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं, तर त्याने अख्खं पान पुन्हा वाचायला लावलं. मी चिडले. त्याने छत्री बाहेर नेली, उघडून वाळत ठेवली आणि परत येऊन म्हणाला, "पावसाला फ्रेंच येत नाही, त्याला सोडून द्या." अशा माणसावर किती वेळ चिडून राहणार?

त्याची काम करायची एक पद्धत होती, ती मला फार उशिरा कळली. आमच्या धड्यात आधी अर्थ, मग फ्रेंच रूप आणि मग शिकणाऱ्याने ते मागून म्हणावं म्हणून थोडी रिकामी जागा, असा क्रम. ती जागा तो नंतर एकटा बसून घालायचा. एके दिवशी मी विसरलेला रुमाल घ्यायला परत गेले, तर दार अर्धवट उघडं होतं. आत माझाच आवाज चालू होता, आणि डोळे मिटून तो माझ्यामागून म्हणत होता. मी म्हणायचे — जेम. तो म्हणायचा — जेम... आणि तेवढ्या वेळाची जागा ठेवून पुढे जायचा.

व्याकरणाच्या पुस्तकांना नमुन्यादाखल नेहमी 'प्रेम करणे' हेच क्रियापद का सापडतं, कोण जाणे. मी दारात उभी, रुमाल राहिला बाजूला. त्याने डोळे उघडले आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"घड्याळ लावून जागा ठेवली तर चुकते," तो घाईघाईने म्हणाला. "काही शब्द जड असतात. म्हणून बघावं लागतं."

"हा जड आहे?"

"तुम्ही सोपा करून म्हणता..."

त्या दिवशी मी बसथांब्यापर्यंत उगाचच हसत गेले. मला तो आवडायला लागला होता, आणि हे मी स्वतःपासून लपवायचा प्रयत्नही केला नाही.

शेवटचा धडा उरला होता तो एँपार्फे द्यु स्युब्जाँक्तीफचा. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. कुणी काही करावं असं आपल्याला वाटत होतं — त्याने यावं, तिने बोलावं — तेव्हा वापरायची ही जुनी रूपं. आपण असं दिवसातून दहा वेळा बोलतो. फ्रेंचांनी मात्र ही रूपं बोलण्यातून केव्हाच काढून टाकली, ती राहिली पुस्तकांत. संपादकबाईंना हा धडा नकोच होता.

"तिथले लोक तरी असं बोलतात का?"

"बोलत नाहीत," मी कबूल केलं. "पण वाचताना भेटतं."

"मग वाचताना बघतील! ऐकायला कशाला?"

"राहू द्या ना," काचेमागून आवाज आला. "ऐकायला बरं वाटतं."

फ्रेंचचा गंध नसलेल्या माणसाची ही शिफारस! संपादकबाईंनी आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि धडा राहिला. तो संपला की माझं तिथलं काम संपणार होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आणि त्याच सुमारास ती नोकरी आली. दूरच्या शहरात, विद्यापीठात, मी वर्षानुवर्षं जिची स्वप्नं पाहिली ती. आनंदाने उडी मारायला हवी होती, आणि मी उत्तर द्यायला टाळाटाळ करत बसले.

"तळ्यात-मळ्यात पुरे आता," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी थांबते आहेस असं सांगू नकोस. मी ठणठणीत आहे. कुणासाठी थांबते आहेस, ते सांग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यालाच सांगितलं — नोकरीबद्दल. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीतरी हलेल... एखादी भुवई तरी...

"वा!" तो म्हणाला. "अभिनंदन." आणि बटणांकडे वळला.

त्या 'वा'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटच्या पानावर मी 'बोलणे' हे क्रियापद लिहिलं होतं. ते खोडून मी तिथे 'थांबणे' लिहिलं आणि आत जाऊन वाचलं. मी थांबावं — क ज रेस्तास. तू थांबावंस — क त्यु रेस्तास. सहाच्या सहा रूपं, एकेक त्याच्याकडे बघून. सगळं झाल्यावर हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "छान. पहिल्याच वेळी बरोबर आलं." बस्स. एवढंच.

घरी जाऊन मी होकार कळवून टाकला. आत्याने पाठीवरून हात फिरवला, आणि मी तिच्या मांडीत तोंड खुपसून पोटभर रडले.

काही दिवसांनी संपादकबाईंचा फोन. "ये बघू इकडे. शेवटच्या धड्यात घोळ झालाय."

मी गेले. तो खाली मान घालून बसला होता. संपादकबाईंनी धडा लावला. सुरुवातीची क्रियापदं नेहमीसारखी, नेटकी. मग 'थांबणे' आलं. तू थांबावंस — क त्यु रेस्तास. आणि पुढे काहीच नाही. किती वेळ काहीच नाही! मला वाटलं मशीन बंद पडलं. तेवढ्यात पुढचं रूप आलं, आणि पुन्हा तीच लांबलचक शांतता.

"विद्यार्थी मध्ये झोप काढून येतील," संपादकबाई म्हणाल्या. "इतके धडे झाले, एका जागेची चूक नाही याची. आणि आता हे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि चष्मा हळूच कपाळावर सरकवला. "मी चहा सांगून येते. सावकाश येते." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"चूक झाली. दुरुस्त करतो."

"झाली कशी, ते विचारतेय मी."

त्याने मान वर केली. "तुमच्यामागून म्हणत होतो. 'तू थांबावंस' आलं आणि... तोंडून शब्दच फुटेना. तेवढी जागा लांबत गेली, पुढच्या रूपांनाही तेच. नंतर ऐकायचा धीर झाला नाही, तसाच देऊन टाकला."

"आणि मला तोंडावर 'वा' म्हणालात!"

"मग काय म्हणू? नोकरीचं सांगताना डोळे बघायला हवे होते तुमचे. अशा माणसाच्या वाटेत आडवं यायचं?"

"मी होकार कळवलाय."

"बरं केलंत," तो म्हणाला. पण ते बरं झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

माझे डोळे भरून आले, आणि रागही मावेना. "मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "कधीपासून आवडता. तुम्ही मला अडवावं असं मला वाटत नव्हतं हो! पण अडवावंसं वाटलं का तुम्हाला... एवढंच ऐकायचं होतं मला. तेवढंही सांगता आलं नाही?"

"रोज वाटलं."

"मग म्हणा की एकदा."

आज मध्ये काच नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. "थांबा," तो म्हणाला. "जाऊ नका. तुमच्याशिवाय मला करमणार नाही."

मी डोळे पुसले. इतकं सुख आणि इतकी खात्री मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

"नाही थांबणार," मी म्हणाले. "मला जायचंच आहे. तुम्ही या."

तो बघतच राहिला. मग त्याच्या कपाळावर ती कामाच्या वेळची आठी उमटली.

"तिथे स्टुडिओ असतील?"

"माणसं आहेत, म्हणजे बडबड असणार. असतीलच."

"इथलं हातातलं काम संपवल्याशिवाय मला निघता येणार नाही. महिनेही लागतील."

"लागू देत. पण याल ना?"

"येईन," तो म्हणाला. "पण आधी तुमच्या आत्यांना भेटायला येतो. त्यांची भाची पळवून न्यायला नाही... तिच्या मागे पळायची परवानगी मागायला."

मी हसले, मग पुन्हा रडले. त्याने माझा हात हातात घेतला, आणि संपादकबाई चहा घेऊन आत आल्या तरी सोडला नाही.